अवधूतकाकांचं नाक

परळच्या अवधूत मेस्त्रींकडे गाडी नेली की ते बॉनेट उघडून आधी वास घ्यायचे. डोळे मिटून, आमटी झाली का बघायला सुगरणीनं वाकावं तसे. मग निकाल यायचा, "कूलंट गळतंय," नाहीतर "क्लच जाळलास गो!" टॅक्सीवाले त्यांना 'नाकवाले मेस्त्री' म्हणत. तीस वर्षांत त्यांनी दुकानावर पाटी लावली नव्हती, हे नावच पुरत होतं.

म्हणून गेल्या मे महिन्यात माझ्या गाडीत पिवळा दिवा लागला, तेव्हा मी तडक त्यांच्याकडेच गेले. दिव्यावरचं चित्र इंजिनाचं असतं म्हणे, मला तो पाण्याचा पंप वाटला होता. गाडी चालत होती, फक्त पूल चढताना धापा टाकायची. काकांनी वास घेतला. "प्लग," म्हणाले. प्लग बदलले, स्कॅनर लावून दिवा घालवला. चौथ्या दिवशी शीवच्या सिग्नलला स्वारी परत हजर!

पुन्हा वास. "पेट्रोल जास्त जातंय, इंजेक्टर." इंजेक्टर साफ झाले. या वेळी दिवा तीन दिवस गप्प बसला.

तिसऱ्यांदा गेले ती तणतणतच. मी सातवीला गणित शिकवते. एकच गणित दोनदा चुकणाऱ्याची मी गय करत नाही. "काका, वय झालं तुमचं," मी चार माणसांसमोर म्हटलं. "नुसतं नाक खुपसून गाड्या दुरुस्त होत नाहीत आता."

काका चिडले नाहीत. स्टुलावर बसले आणि त्यांनी मला विचारलं, "गाडी लावतेस खंय?"

हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. आमची गल्ली मार्चपासून खणून ठेवलीय, म्हणून मी लालबागच्या मसाला गल्लीमागे गाडी लावायचे. तिथे मिरच्या कुटायचा डंक आहे, त्याच्या भिंतीची सावली मिळते.

"डंकाचो पंखो कुठल्या बाजूक?"

"गाडीच्याच बाजूला."

"आणि सकाळी काचेवर काय असतं?"

"लाल धूळ. रोज फडक्यानं पुसते की," मी म्हटलं, आणि बोलता बोलताच चपापले. मे महिन्यात बाहेरचा माणूस लालबागला उतरला की शिंकतो. आम्ही शिंकत नाही. आम्हाला ती हवाच वाटते. रोज काच पुसणाऱ्या मला ही धूळ आणखी कुठे जात असेल, असा प्रश्न दोन महिन्यांत एकदाही पडला नव्हता.

काकांनी एअर फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा काढल्या. झाकण उघडलं आणि मी शिंकत मागे सरले. एक, दोन, पाच शिंका. पांढरा फिल्टर विटेसारखा लाल झाला होता.

"अगं बाई! केवढा हा मिरचीचा वास!"

काकांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. फिल्टर त्यांनी अगदी नाकाशी धरला होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"येतोय?" त्यांनी हळूच विचारलं.

मला कळेना. "म्हणजे? तुम्हाला नाही येत?"

"झोंबतंय. वास नाय. कोरोना झालो तेव्हापासून कसलोच वास येणा नाय."

म्हणजे चार-पाच वर्षं हा माणूस डोळे मिटून नुसता वाकत होता. कानानं आणि अनुभवानं बहुतेक गाड्या निभावून नेत होता, नाही जमलं की अंदाज ठोकत होता. बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. सुभद्राकाकू रविवारी विचारायच्या, बांगड्याचं तिखलं कसं झालंय, आणि हे म्हणायचे, झक्कास.

"नाकवाल्या मेस्त्रीचं नाकच गेलं म्हटल्यावर गाडी कोण आणील गो?" ते म्हणाले.

मला माझी लाज वाटली. मघाचं 'वय झालं' परत गिळता आलं असतं तर गिळलं असतं.

काका मात्र कामाला लागले होते. फिल्टरच्या मागे आत जाणारी हवा मोजणारा सेन्सर असतो. त्याच्या बारीक तारेवर मसाल्याचं पूट चढलं होतं, आणि तो इंजिनाला खोटीच मापं सांगत होता. त्यांनी स्प्रे मारून तो साफ केला, वाळवला, नवा फिल्टर बसवला. मध्येच जुना फिल्टर माझ्यापुढे धरून म्हणाले, "बघ, बेडगी आहे की लवंगी? धणे आहेत?"

मी हुंगलं. बेडगी होती, धणे होते, थोडं दगडफूलही. मी एकेक सांगत होते आणि काका हातातलं काम थांबवून ऐकत होते.

दिवा गेला तो गेलाच. दोन आठवड्यांनी मी हे सांगायला गेले, तेव्हा टॅक्सीवाला रामदास चहाचा ग्लास घेऊन उभा होता. आणखी चार-पाच ड्रायव्हर आजूबाजूला होते.

"मेस्त्री, बघा ना, कसलातरी वास मारतोय," रामदास म्हणाला.

काकांनी बॉनेट उघडलं. वाकले. डोळे मिटले.

मग ते सरळ झाले आणि फडक्याला हात पुसत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "रामदास, माझं नाक गेलंय. चार-पाच वर्षं झाली. तू वाक, आणि कसलो वास येतो ता माका सांग."

रामदासनं ग्लास खाली ठेवला आणि तो वाकला.