आकडे दाखवा

अगं धाकटे, तुझ्यावर लिहितेय म्हटल्यावर नाक मुरडू नकोस. सख्खी जाऊ ना तू माझी? मग मी नाही तर कोण मिरवणार तुला? आता गप्प बस, मला बाकीच्यांना सांगू दे.

धाकटी गटारांची काँक्रीटची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनीअर होती. अवजड गाडी गेली की झाकण फाडकन दुभंगून खाली पडायचं. काँक्रीटमध्ये पोलादी तारेचे तुकडे मिसळायचे, असं तिने घेतलं डोक्यात. साहेब म्हणाले, "करा. नाही जमलं तर तार बंद, आणि तुम्ही माल पाठवायच्या खात्यात!"

मिक्सरमध्ये लांब तारेच्या गुठळ्या झाल्या. आखूड, गुळगुळीत तार झकास मिसळली, पण चाचणीसाठी ओतलेली काँक्रीटची तुळई तडकताच साबणाच्या हातातून बांगडी निघावी तशी सुळकन बाहेर. खरखरीत पण कमजोर तार घट्ट धरून बसली आणि कटकन तुटली. दाब देणाऱ्या यंत्रावरचे काका तडा दिसला की "गेली!" ओरडून यंत्र बंद करत. त्यांना सगळे गेलीकाकाच म्हणायचे.

त्या संध्याकाळी ती घरी आली ती फुरंगटूनच. मी अंबाडा घालत होते. तिने दिलेला आकडा लगेच निसटला.

"सरळ पायांचा काय देतेस? बाक असलेला दे, तो धरतो!"

ती आकड्याकडे बघतच राहिली. मग माझ्या डोक्यातले सगळे आकडे उपसले. अंबाडा पाठीवर!

"अगं ए!"

"उद्या नवं पाकीट आणते, शप्पथ!"

टोकं वाकवलेली मजबूत तार बाजारात मिळतच होती. बेताच्या लांबीची तिने मागवली.

चाचणीच्या दिवशी साहेब म्हणाले, "बाई, गोष्टी नकोत, आकडे दाखवा."

धाकटीने पर्स उघडून माझे आकडे टेबलावर ओतले. साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

यंत्र सुरू झालं. तुळईच्या पोटाला केसाएवढा तडा गेला. "गेली!" काकांचा हात बटणाकडे.

"खबरदार, काका! तडा गेलाय, तुळई नाही गेली."

यंत्रावरचा दाबाचा काटा जरा मागे आला आणि सावरला. तडा रुंदावला, आत तारा दिसू लागल्या. एकेक तार बाहेर ओढली जायची तर आधी तिचं वाकडं टोक सरळ व्हायला हवं, आणि ती काही सुखासुखी सरळ होईना. तुळई वाकली, कुरकुरली, पण पडेना.

"अहो, ही जात का नाही?" काका रडकुंडीला आले.

"तिलाच विचारा!"

साहेब खुर्चीतून उठले. "बाई, आकडे आवडले." यंत्रावरचे की टेबलावरचे, ते मात्र बोलले नाहीत. टेबलावरचे त्यांनी खणात टाकले. त्यानंतर कारखान्यातून बिनतारेचं झाकण बाहेर पडलं नाही, आणि काका "राहिली!" ओरडायला शिकले.

पाकीट मात्र आलं नाही. बाजारात निघालो की ती म्हणायची, "आज नक्की!" मग वाटेत आपलं झाकण दिसायचं, त्यावर पाय आपटून बघत ती उभी राहायची, आणि दुकान बंद व्हायचं. मी अजून अंबाड्यात पेन्सिल खुपसते.