खेळणारा एक, बघणारे पंधरा

सबंध साताऱ्यात बघ्यांच्या गर्दीकडे आदराने पाहणारा एकच माणूस मला भेटला, आणि तो आमचा घरमालक निघाला. फौजेत वायरलेसवर आयुष्य गेल्यामुळे असेल, पण समोर घडेल ते मोठ्याने सांगितल्याशिवाय त्यांना राहवत नसे. सकाळी नळ आला की, "पानी आलं, धार बारीक हाय, वैनींची कळशी पुढं!" हे धावतं वर्णन आम्हाला माडीवर अंथरुणात ऐकू येई. एकदा मी दाढी करत असताना दारात उभं राहून त्यांनी "डावा गाल फत्ते" असंही जाहीर केलं होतं.

निवृत्तीनंतर लोक पिठाची गिरणी काढतात. यांनी पुण्याहून व्हिडिओ गेमची दोन यंत्रं आणून तळमजल्यावर मांडली. केबल नुकती घरोघरी येत होती, तेव्हाची ही गोष्ट. आठवड्याभरात त्यांनी मला गाठलं. "आवं मास्तर, खेळणारा एक, बघणारे पंधरा! आपुन एकाकडनं पैसं घेतो आन पंधरांना फुकट सोडतो. उलटं कराय पायजे."

त्यांनी स्पर्धा भरवली. खेळणं फुकट, बघायला तिकीट. आत चार स्पर्धक आणि मी. बाकी सगळी गल्ली खिडकीच्या गजांना लोंबकळून फुकट बघत होती. मी समजूत घालायला गेलो, तर गृहस्थ खिडकीकडे बघून खुलले होते. "तिकीट चुकलं मास्तर, गर्दी न्हाई चुकली!" पुढच्या खेपेला तिकीट गेलं. चहावाल्याने आणि सायकलवाल्याने बक्षिसं दिली, आणि त्या बदल्यात दर डावानंतर कर्ण्यावर त्यांच्या दुकानांचा उदो उदो झाला.

पण त्या कर्ण्यानेच घात केला. समोरच्या निवृत्त मुख्याध्यापिका बाईंनी हे दुकान बंद करावं म्हणून नगरपालिकेला अर्ज लिहिला आणि गल्लीभर सह्या घेतल्या. मुलांचा अभ्यास, शिस्त असं त्या बोलत गेल्या, आणि मास्तर असल्याने मीही सही ठोकली. अर्ज पाठवण्याआधी बाईंनी तो घरमालकांना वाचायला दिला. त्यांनी तो शांतपणे वाचला आणि मला म्हणाले, "तुमची सही लय सुबक हाय." बाईंना त्यांनी एवढंच सांगितलं, "एक स्पर्धा अंगणात हू द्या. तुमी पुढं बसा. नंतर म्हनाल तर कुलूप मीच लावतो."

रविवारी दुपारी टेबलावर यंत्र चढवून त्यांनी पडदा गल्लीकडे वळवला. खेळ दोन मल्लांच्या मारामारीचा. अंतिम फेरीत शिरवळच्या कारखान्यातला एक फिटर आणि आमच्या शेजारच्या टायपिंग क्लासच्या बाई समोरासमोर आल्या. या बाई आवाजाची तक्रार करायला म्हणून आल्या होत्या आणि बटणांवर बोटं ठेवून बसल्या त्या बसल्याच. दोघांनी एकेक डाव जिंकला, तिसरा रंगात आला आणि वीज गेली.

लोक उठू लागले. मी घरमालकांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पडला होता. पण क्षणभरच. त्यांनी बॅटरीचा कर्णा उचलला. "कुनी हलायचं न्हाई! झालं ते पयल्यापासनं सांगतो." आणि त्यांनी काळ्या पडद्यासमोर उभं राहून सगळी लढत ठोशाठोशाने सांगायला घेतली. उठलेले बसले. इतक्यात पुढच्या खुर्चीवरून करडा आवाज आला, "चुकलं! तिसरी लाथ उजवीकडून होती." मुख्याध्यापिका बाई! घरमालकांनी टाचा जोडून सलाम ठोकला. "व्हय जी. उजवीकडनं!"

वीज आली तेव्हा यंत्र सगळं विसरलं होतं. डाव पुन्हा झाला आणि टायपिंगच्या बाई थोडक्यात हरल्या. मुख्याध्यापिका बाईंनी अर्जाची घडी पर्समध्ये टाकली. "अभ्यासाच्या वेळी कर्णा नको," त्या म्हणाल्या, आणि जाता जाता, "पुढची स्पर्धा कधी?"

पुढे घराघरांत टीव्हीला जोडायचे गेम आले, यंत्रांवर धूळ बसली आणि घरमालक पलूसला लेकीकडे राहायला गेले. माझी बदली सांगलीला झाल्यावर मी त्यांना भेटून आलो. ऐकू कमी येत होतं. बोलणंही कमी झालं होतं. निघताना मात्र त्यांनी माझा हात धरला. "मास्तर, सांगलीत मोठं मैदान कुठलं हाय?"

"कशाला?"

"पडदा कुठं लावायचा, बगून ठेवा. आज ना उद्या लागंल."

मी हसलो, हो म्हणालो. संध्याकाळी यष्टी सांगलीत शिरली, एक मोकळं मैदान मागे पडलं, आणि तिथे किती माणसं मावतील याचा मी मान वळवून अंदाज घेत राहिलो.