नानांची न भरलेली घागर

मी पदवीधर झालो तो साक्रीच्या देवरे नानांमुळे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. नाना हायस्कुलातून निवृत्त झालेले इंग्रजीचे शिक्षक. पण शिकवणीला येणाऱ्या पोराला ते आधी पाठीला डबा बांधून विहिरीत उतरवत. "पहिले पव्हाले शिक, मंग इंग्रजी," म्हणत. स्वतः मात्र कधी पाण्यात उतरले नाहीत.

त्यांचे वडील दुसऱ्या महायुद्धात सैनिक म्हणून निघाले, तेव्हा नाना आईच्या पोटात होते. अरबी समुद्रात जर्मन पाणबुडीने जहाज बुडवलं. सरकारी कागदावर 'बेपत्ता' एवढंच आलं. वाचून परतलेल्या सोबत्याने आईला सांगितलं, "पाणबुडी वर आली, दोघांना आत घेऊन गेली. त्यात तुमचे धनी होते." तेव्हापासून ते घर पाणबुडीची वाट बघत राहिलं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे घरोघरी पितरांच्या नावाने घागर भरतात, वर खरबूज आणि सांजोरी ठेवतात. नानांच्या घरी वडिलांची घागर कधीच भरली गेली नाही.

"अरे, बाप शंभरना वर गया व्हई. भर आते!" नानांची थोरली बहीण, अक्का, दरवर्षी कावत.

"घागर मरेलनी भरतस. मना बाप मरेल कोनी दखा? तुले घाई शे ते मनी भर."

जळगावला ठिबकच्या कारखान्यात नोकरी लागली, तेव्हा मी पाया पडायला गेलो. नानांनी पेढा हातातच धरून ठेवला. "तुले इंग्रजी कशाले शिकाडं? ती पाणबुडी कोठे गयी ते शोध. फोनवर माले ऐकू येत नही, लिखी धाड. गोड करीसन लिखू नको."

माझं पत्र पोचलं त्या आखाजीला नानांनी पहिल्यांदा घागर भरली. त्यानंतर ते कोणाला शिकवायला बसले नाहीत, कोणाला त्यांनी विहिरीवर नेलं नाही. पुढच्या आखाजीला अक्कांनी दोन घागरी भरल्या.

मी लिहिलं होतं ते हे:

"तीर्थस्वरूप नाना, साष्टांग नमस्कार.

त्या पाणबुडीच्या युद्धकाळातल्या नोंदी इंग्रजीत मिळाल्या. सोबत्याने खरंच सांगितलं होतं. दोन हिंदी सैनिक आत घेतल्याचं पाणबुडीने बिनतारी संदेशाने कळवलं होतं. पुढे तिने आणखी एक जहाज बुडवलं आणि ती मायदेशी वळली. मधे कुठल्याही बंदरात कोणाला उतरवल्याची नोंद नाही. मी पुन्हा पुन्हा पाहिलं. वाटेत विमानाने तिच्यावर बॉम्ब टाकले. ती बुडाली. आतलं कोणीच वर आलं नाही.

नाना, घागर भरा."