आंबिलीचा डबा घेऊन लातूरला

"आजी, काय होतं त्यात? नीट सांग. डॉक्टर पहिलं तेच विचारणार."

माझी नात शिवलीला रिक्षात बोलत होती, पण माझ्याकडे बघत नव्हती. तिच्या मांडीवर तिच्या सासूबाईंचं, हालिनाबाईंचं डोकं होतं. त्यांचे ओठ सुजले होते. श्वास घेताना घशातून शिट्टी वाजत होती. त्यांच्या पर्समधलं, अशा वेळेसाठीचं इंजेक्शन शिवलीलेनं घरीच टोचलं होतं. पलीकडे माझी विहीण महानंदाबाई अंग चोरून बसली होती. तिच्यासमोर सांगायचं म्हणून माझी जीभ उचलेना.

रिक्षावाले चाचा मागे वळून म्हणाले, "बोलो ना अम्मा. जान का सवाल हाय."

"ताक," मी म्हणाले.

त्या दिवशी सकाळीच मी कंधारहून निघाले होते. शिवलीला माझ्या मुलाची मुलगी. पोलंड देशात नोकरीला गेली आणि तिथल्याच मुलाशी लग्न केलं. चार वर्षांनी सासूला घेऊन गाव दाखवायला आली, तर उतरली कुठे? लातूरला, आईच्या आईकडे. आठ दिवस लातूर आणि दोन दिवस कंधार. अकरावी-बारावीच्या क्लाससाठी दोन वर्षं ती महानंदाबाईंकडे राहिली होती, तेव्हापासून हे असंच. मला आजी म्हणते, तिला अव्वा (उदगीरकडे आईला म्हणतात तसं). अव्वा म्हणताना तिचा आवाजच वेगळा लागतो. मला ते खुपतं. आजही खुपतं.

फोनवर म्हणाली, "आजी, आम्ही पोलंडचा स्वयंपाक करतोय. आपल्याकडे मांस-अंडं चालत नाही, सासूबाईंना दुधातलं काहीच चालत नाही, मग दोन्ही वगळून करतोय. अव्वाला काय जमतंय, तू बघच!"

मी बघायचं ठरवलं. येळवस (अमावास्येला शेतात जाऊन जेवायचा सण) होऊन चार दिवस झाले होते. आंबिलीची हंडी अजून धुतली नव्हती. ज्वारीचं पीठ पुन्हा आंबवलं, शिजवलं, वर लसूण-जिरं ठेचून घातलं. ताक घातलं. आमच्या गल्लीत माझ्या आंबिलीला नाव ठेवणारं अजून जन्मलेलं नाही.

लोह्याला गाडी बदलली. खिडकीची जागा मिळाली आणि डबा दोन पायांत धरला. शेजारी लोह्याचीच एक बाई बसली.

"काय हाय मावशी डब्यात?"

"आंबील."

"लातूरला मिळत न्हाई व्हय?"

"माझ्या हातची न्हाई मिळत."

"कोणासाठी?"

"नातीच्या सासूसाठी. परदेशातली हाय."

"मंग तिला कशाला आंबील? तिला बिस्किटं द्या," म्हणून ती हसली आणि अहमदपूर येईपर्यंत झोपून गेली.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तूर वाळून उभी होती. मधेमधे हरभऱ्याचे हिरवे तुकडे. चाकूरच्या अलीकडे गाडीनं असा गचका दिला की झाकण उचकटलं आणि वाटीभर आंबील माझ्या लुगड्यावर सांडली. आख्ख्या गाडीत आंबूस वास. कंडक्टर म्हणाला, "आजी, येळवस संपली की वं!" मी झाकण घट्ट दाबलं. उरलेली सांभाळली.

लातूरला महानंदाबाईंच्या घरात पाऊल टाकलं तर ओट्यापाशी तिघींची गर्दी. माझ्यासाठी खुर्ची आली, पाणी आलं, पण ओट्यापाशी जागा कोणी केली नाही.

"या इहीणबाई," महानंदाबाई म्हणाली. "लुगड्याला काय झालं? बसा, दमला असाल."

मी दमले नव्हते.

हालिनाबाई उंच, गोऱ्या, गुडघेदुखीनं माझ्यासारख्याच बेजार. त्या पिएरोगी (करंजीसारखी, पण पाण्यात उकडायची) करून दाखवत होत्या. आत बटाटा, कांदा आणि त्यांच्याकडचं पनीर असतं. पनीरऐवजी महानंदाबाईनं भिजवलेले शेंगदाणे वाटून त्यात लिंबू पिळलं होतं. वरून लोणी सोडतात, तिथे करडीच्या तेलात लाल केलेला कांदा. कोबीच्या पानात भात आणि खिमा गुंडाळतात, तिथे भात आणि अख्खा मसूर. सगळं तिनंच शोधून काढलेलं.

कडा मुडपायची वेळ आली. हालिनाबाई चिमटीनं साधी कड दाबत होत्या. महानंदाबाईनं करंजीची मुरड घातली, दोरीसारखी. हालिनाबाईंनी टाळ्या वाजवल्या. शिवलीला म्हणाली, "आजी, बघितलंस का अव्वाची मुरड?"

ती मुरड मीच शिकवली होती महानंदाबाईला. शिवलीलेच्या आईबापाच्या लग्नात, रुखवताच्या करंज्या करताना. तेव्हा तिच्या करंज्या तेलात उकलत होत्या. महानंदाबाईला आठवत असणार. ती मान खाली घालून पुढची कड मुरडत राहिली.

मग झुरेक आलं. हे त्यांचं आंबट सार. तिकडच्या एका धान्याचं पीठ पाण्यात आंबवतात आणि सारात अंडं, मांस घालतात. महानंदाबाईनं ज्वारीचं पीठ नुसत्या पाण्यात आंबवलं होतं आणि त्यात लसूण-बटाटा घातला होता. हालिनाबाईंनी एक घोट घेतला, थांबल्या आणि डोळे पुसले.

"त्यांच्या आईच्या हातचं आठवलं म्हणतात," शिवलीलेनं सांगितलं.

ही आंबीलच की! कंधारात जन्मभर मी दुसरं काय केलं? चौथी शिकलेल्या बाईलाही एवढं कळतं. मी डबा उघडला, वाटी भरली आणि हालिनाबाईंच्या पुढ्यात ठेवली.

शिवलीलेनं विचारलं, "आजी, यात दूध-दही काही नाही ना?"

"दूध न्हाई," मी म्हणाले.

आमच्याकडे ज्याला दूध पचत नाही त्याला ताक देतात. माझ्या नवऱ्याला मी तीस वर्षं दिलं. रिक्षात मी हेच सांगितलं, दवाखान्यातही हेच सांगितलं. ते खरं आहे. पण 'दुधातलं काहीच' हे फोनवर मी ऐकलं होतं, आणि वाटी ठेवताना ते माझ्या ध्यानात होतं, हेही खरं आहे. एवढ्याशा ताकानं काय होतंय, असं वाटलं. त्याहून जास्त वाटलं ते हे, की आता कळेल कोणाची आंबील खरी.

हालिनाबाई अर्धी वाटी प्यायल्या. छान म्हणाल्या. मी महानंदाबाईकडे बघितलं. तेवढ्यात हालिनाबाईंचा हात गळ्याकडे गेला.

दवाखान्यात त्यांना आत नेलं. आम्ही तिघी बाकावर बसलो. शिवलीला मधे नाही, महानंदाबाईच्या पलीकडे बसली. महानंदाबाई म्हणाली, "इहीणबाई, मलाबी आधी ताकच घालायचं होतं. पोरीनं हात धरला म्हणून राहिलं."

तिनं मला झाकायला म्हटलं की खरंच तसं होतं, कोण जाणे. तेही मला आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी हालिनाबाई उठून बसल्या. त्यांनी माझा हात धरून काहीतरी म्हटलं. शिवलीलेनं ते मराठीत सांगितलं नाही. त्यांचं कंधारला यायचं राहिलं. मी एकटीच परत निघाले. महानंदाबाईनं डबा घासून दिला होता. अहमदपूरला उघडला तर आत आठ पिएरोगी, मुरड घातलेल्या. चांगल्या होत्या. सगळ्या खाल्ल्या.

आता मी आंबील दोन हंड्यांत करते, एक ताकाची आणि एक नुसत्या पाण्याची. पाण्याची कोणी मागत नाही, मीच पिते. वाईट लागत नाही. प्रवासानं माणूस सुधारतं म्हणतात. माझं तसं काही झालं नाही. फोनवर शिवलीला अव्वा कशी आहे ते सांगते तेव्हा अजूनही मी विषय बदलते.

त्या रिक्षात मागे आम्ही चौघी होतो. चौघीही जिवंत आहोत.