कातरलेला ब्रश

गुलाबकाका पेंटर नवा ब्रश कधीच तसाच रंगात बुडवत नसत. आधी तो ओला करून डोळ्यांजवळ धरत, मग दाढीच्या पात्याने मधलेच चार-पाच केस कातरत. "नवा ब्रश लय शायना असते, पोरी. त्याले आपल्या हाताचं वळण लावा लागते." त्या कातरण्यामुळे त्यांच्या प्रत्येक रेघेत केसाएवढी कोरडी फट उरे. अकोल्यात आमच्या गल्लीतल्या पाट्या मी लहानपणी त्या फटीवरून ओळखत असे. टर्पेंटाइनचा झणझणीत वास तर वळणावरच भेटे.

पुढे मी अमरावतीत पुस्तकांची मुखपृष्ठे करू लागले आणि काकांच्या उजव्या हाताला कंप सुटला. लेकीच्या, वंदनाच्या, फुलांच्या दुकानाची पाटी तेवढी लिहायची राहिली होती. दर रविवारी मी टॅब्लेट घेऊन अकोल्याला जाई आणि दार उघडणारा तो हात दर रविवारी थोडा अधिक हलत असे. किती रविवार उरले आहेत, हे विचारायचे धाडस कुणालाच नव्हते.

त्यांच्या जुन्या पाट्यांचे फोटो समोर ठेवून मी टॅब्लेटवरच्या चित्रकलेच्या ॲपमध्ये ब्रश घडवला: दाबासरशी फुगणारा, मधली फट राखणारा. काकांनी काचेवर पेन टेकवले. रेघ थरथरली. त्यांचा चेहरा मला पाहवेना. रेघ आपोआप सरळ करणारी एक सरकपट्टी ॲपमध्ये असते. ती मी गुपचूप शंभरावर नेली. पुढचे अक्षर तुकतुकीत उमटले.

काका ते कितीतरी वेळ न्याहाळत राहिले. "हे कोनं लिवलं?"

"तुम्हीच, काका."

"मले येडा समजून राहिली काय वो? माया हात हालून राहिला, अन् रेघ काहून हालत नाही?"

"बाबा, चांगलं तं दिसते," वंदना दारातून म्हणाली.

"चांगलं तं फ्लेक्सबी दिसते. तुया दुकानावर माया हात पाह्यजे."

अपराध्यासारखी मी पट्टी उतरवू लागले. ऐंशी, पन्नास, तीस. बारावर कंप अक्षरात शिरला, तरी अक्षर कोसळले नाही.

"बस. इथंच राहू दे."

'वंदना' ही तीन अक्षरे लिहायला त्यांना सबंध दुपार लागली. त्याच अक्षरांची पाटी दुकानावर लागली आणि दिवाळीच्या आत काका गेले.

तो ब्रश माझ्यापाशी आहे. ॲपची नवी आवृत्ती आली की अजूनही पहिली शंका तीच. सारे पुसून तर गेले नसेल? चहा निवत राहतो, मी आधी एक रेघ ओढते. फट असते. पट्टी बारावर असते. थरथर तेवढी नसते. तिच्यासाठी मला अकोल्याला, वंदनाच्या दुकानासमोर जाऊन उभे राहावे लागते.