रेल्वेतला मामा

इंग्रजी बोलण्याची परीक्षा मी आयुष्यात एकदाच दिली आणि वीसपैकी पंधरा गुण मिळवून पास झालो. त्या परीक्षेइतकी पोकळ गोष्ट मी नंतर पाहिली नाही.

सत्तरीचं दशक संपत आलं होतं. दिघोरीहून येऊन मी वरठीला खोली केली होती आणि स्टेशनाजवळच्या एका खताच्या डेपोत रोजंदारीवर होतो. काम मोजणीचं. वॅगनमधून पोती किती उतरली, फाटली किती, भिजली किती, ट्रकवर चढली किती. तीन वर्षं मोजली, एकदाही चुकलो नाही. मग डेपोत साठा-कारकुनाची एक कायम जागा निघाली. रोजंदारीच्या माणसाला काम कमी झालं की घरी बसवतात, कायमच्या माणसाला बसवत नाहीत. माझा हिशेब एवढाच होता. पण डेपोच्या मुख्य कचेरीनं अट घातली की उमेदवाराजवळ इंग्रजी बोलता येत असल्याचं प्रमाणपत्र पाहिजे. पोती कोणत्या भाषेत मोजायची असतात, हे त्या कचेरीला कुणी विचारलं नाही.

असं प्रमाणपत्र भंडाऱ्यातला एक खासगी वर्ग द्यायचा. रोज संध्याकाळी एक तास, एकूण अठ्ठेचाळीस दिवस, आम्ही सव्वीस जण. आमचे सर इंग्रजी बोलायला शिकवायचे ते मराठीतून. तासातली पन्नास मिनिटं ते स्वतःच बोलत आणि त्यातली बरीचशी आपण नागपुरात एका परदेशी पाहुण्याला कसं गार केलं ते सांगण्यात जात. उरलेली दहा मिनिटं सव्वीस जणांत वाटली तर माणशी तेवीस सेकंद येतात. अठ्ठेचाळीस दिवसांची मिळून साडेअठरा मिनिटंही होत नाहीत. त्यासाठी मी जाऊन-येऊन वीस किलोमीटर सायकल मारत होतो, म्हणजे एकूण नऊशे साठ किलोमीटर. इतक्या सायकलीत माणूस परमुलखात जाऊन तिथली भाषा ऐकून आला असता.

परीक्षा तोंडी होती. परीक्षक नागपूरहून आलेले, कॉलेजातून निवृत्त झालेले वयस्क गृहस्थ. विषय आम्हाला आधीच कळला होता: भाषा कशी शिकावी आणि दुसऱ्याशी संवाद कसा साधावा. पाच जणांनी वर्ग सोडला होता, म्हणून आम्ही एकवीस जण वऱ्हांड्यात बसलो. माझा नंबर चौदावा.

आमच्याकडे परीक्षेतून बाहेर आलेल्या माणसानं आत काय विचारलं ते बाकीच्यांना सांगायचंच असतं. जो सांगत नाही त्याला लोक वर्षभर लक्षात ठेवतात. पहिला नंबर लाखांदूरच्या एका धान व्यापाऱ्याच्या मुलाचा होता. तो हसतच बाहेर आला.

"का इचारलं बे?" चार जणांनी त्याला घेरलं.

"इंग्रजी कशी शिकला म्हणते. मी म्हटलं, माझा मामा रेल्वेत आहे, जेवताना माझ्यासंगं इंग्रजीच बोलते. व्हेरी गुड म्हणे."

त्याचा मामा खरोखर रेल्वेत होता. पण परीक्षकांनी व्हेरी गुड म्हटलं होतं आणि तेवढं पुरलं. दुसरा आत गेला तो मामाला घेऊनच. तिसऱ्यानंही तेच केलं. पाचव्यापर्यंत वऱ्हांड्यात दुसरं काही पाठ होणंच थांबलं. जो तो भिंतीकडे तोंड करून "माय अंकल इज इन रेल्वे" घोकत होता. पंधरावा नंबर प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंचा होता, त्या माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्यांना वेगळीच काळजी.

"माझा मामा तं साकोलीले हॉटेल चालवते जी," त्या मला म्हणाल्या. "त्याले एकदम रेल्वेत कसं टाकू?"

"मले तं मामाच नाही, बाई."

"मंग तुमचं सोपं आहे. कुठंही टाका."

माझ्या आईला दोन बहिणी, भाऊ नाही. आणि मी मनाशी ठरवलं होतं की खोटं बोलायचं नाही. याचं कारण सचोटी असं मी म्हणत असे, पण निम्मं कारण हिशेबाचं होतं. एका दिवसात एका वर्गातल्या तेरा जणांचे मामा रेल्वेत निघाल्यावर चौदावा कोण खरा मानणार? वरठी स्टेशनात इतके इंग्रजी बोलणारे मामा असते तर निदान चौकशीच्या खिडकीवर कुणीतरी सरळ उत्तर दिलं असतं. मी माझं खरं उत्तर तयार केलं: इंग्रजी मी खताच्या पोत्यांवर आणि चलनांवर वाचून शिकलो, ती मला लिहिता येते, बोलायला मात्र कुणी भेटलं नाही.

आत गेलो. परीक्षकांनी चष्मा पुसत विचारलं, इंग्रजी कशी शिकलात? माझं तोंड उघडलं आणि त्यातून बाहेर पडलं, "माय अंकल इज इन रेल्वे."

त्यांनी हातातला पेन खाली ठेवला. मग इंग्रजीत विचारलं, "कोणत्या खात्यात?"

हा प्रश्न आधीच्या तेरा जणांपैकी कुणालाच विचारला नव्हता. मी म्हटलं, "गुड्स."

"जेवताना तुमच्याशी काय बोलतात?"

आता मागे फिरणं शक्य नव्हतं. मी माझ्या डेपोतलं सगळं मामाच्या नावावर केलं. नागपूरच्या यार्डात वॅगन आठ-आठ दिवस अडकते, दाराचं सील तुटलेलं निघतं, तळातली पोती दगडासारखी झालेली असतात, हमाल एक सांगतो, ड्रायव्हर दुसरं. परीक्षक विचारत गेले, मग मामांनी काय केलं? मी सांगत गेलो, मामांनी पुन्हा मोजलं. सहा मिनिटं मी इंग्रजी बोललो. अठ्ठेचाळीस दिवसांत जेवढं माझ्या वाट्याला आलं होतं त्याचा हा जवळजवळ तिसरा हिस्सा. मोडकं होतं, पण अडलं नाही. शेवटी त्यांनी विचारलं, भाषा शिकायचा चांगला मार्ग कोणता? मी म्हटलं, मामा सांगतात की आपल्या कामाबद्दल कुणीतरी नीट विचारलं पाहिजे. इतकं शहाणपणाचं वाक्य मी स्वतःच्या नावानं कधीच बोललो नसतो.

बाहेर आलो तर बाई उभ्याच होत्या. "का इचारलं?"

"मामाचं खातं ठरवून जा," मी सांगितलं. त्यांनी हॉटेलवाल्याला तिकीट तपासनीस केलं आणि अकरा गुण मिळवले. एकवीसपैकी एकवीस पास झाले. सरांनी पुढच्या वर्गाची फी वाढवली.

माझ्या प्रमाणपत्रावर शेऱ्याच्या रकान्यात परीक्षकांनी स्वतःच्या अक्षरात इंग्रजीत लिहिलं होतं: मामा रेल्वेच्या माल विभागात, घरी इंग्रजी बोलली जाते. त्यांनी विश्वास ठेवला होता की माझी चेष्टा केली होती, ते मला आजही सांगता येत नाही.

डेपोचे साहेब बाहेरच्या प्रांतातले, आमच्याशी हिंदीत बोलणारे. त्यांनी प्रमाणपत्र हातात घेतलं, गुणांकडे पाहिलंही नाही आणि शेऱ्यावर बोट ठेवलं.

"मामाजी गुड्स में हैं? पहले क्यों नहीं बताया? अपनी चार वॅगन यार्ड में पड़ी हैं।"

तीन वर्षं मी त्यांच्यासमोर पोती मोजत होतो. त्यांना माझं गावही ठाऊक नव्हतं. आता त्यांनी मला खुर्ची दिली. मला मामाच नाही असं सांगितलं असतं तर प्रमाणपत्र खोटं ठरलं असतं आणि जागाही गेली असती. होकार दिला असता तर दुसऱ्या दिवशी मला यार्डात पाठवलं असतं.

"गुजर गए, साब," मी म्हटलं. "पिछले हफ्ते."

साहेबांनी मान खाली घातली. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं, वॅगनींचं असावं.

"और कोई है रेलवे में?"

"नहीं, साब."

त्यांनी सुस्कारा सोडून अर्ज पुढे ओढला आणि मंजुरीची सही केली, कारण प्रमाणपत्रवाला दुसरा उमेदवार त्यांच्याकडे नव्हता. मग अर्ज माझ्याकडे सरकवला. खाली छापलं होतं की वरील सर्व माहिती खरी आहे. मी सवयीनं एकेक रकाना तपासला. नाव, गाव, वय, शिक्षण, सगळं बरोबर होतं. मामाच्या नोकरीचा रकाना त्यात नव्हता. मी सही केली.