तार कापणारे डॉक्टर

शहापूरच्या सरकारी दवाखान्यात मी प्रथम गेलो तो वार्ताहर म्हणून. डॉक्टर गोविंदराव लेले हनुवटीखालून डोक्यावर पट्टा बांधून, दात मिटून बसले होते. प्रत्येक प्रश्नाला उत्तर एकच, "हं." दातदुखी समजून मी लवंगेचे तेल सुचवले. मागाहून कळले, मोडलेला जबडा जागेवर धरणारी साधने डॉक्टर आधी स्वतःवर बांधून पाहत. पट्टा घामाने सरके; प्लास्टरच्या टोपीत वैशाखात डोके शिजे. वरचे-खालचे दात एकत्र आवळणारी तार मात्र हलत नसे. दातांच्या फटीतून पेज ओढत डॉक्टरांनी धरलेले ते मौनव्रत घरी फार सुखाचे गेले, असे लेलेवहिनी अजून सांगतात.

डॉक्टरांच्या षष्ट्यब्दीच्या लेखाने इथे गोड व्हावे. मला ते जमणार नाही.

किन्हवलीकडच्या कान्हूला मुरबाडच्या बाजारात बैलाने लाथ मारली. मुंबईच्या सर्जनांनी मोडलेला जबडा तारेने आवळून त्याला घरी धाडले. आसनगाव स्टेशनाहून बैलगाडीत हिसके बसता बसता त्याला उलटी आली. तोंड बंद! गाडी दवाखान्यापाशी आली तेव्हा तो काळानिळा पडला होता.

"डाक्टर, तोंड उघडा ओ याचं!" त्याची बायको ठकी ओरडली.

डॉक्टरांनी पक्कड घेऊन तार कापली. कान्हू वाचला. मग त्यांनी वरच्या आणि खालच्या दातांना वेगवेगळी तार घालून ती रबरी कड्यांनी जोडली, आणि कड्या कशा कापायच्या ते ठकीला शिकवले.

"कातर जवळ ठेवशील ना गो?"

"कमरेलाच खोसते. लय बोलाय लागला तर परत बांधायला या!"

सर्जनसाहेबांनी तक्रार केली: आमच्या उपचारात ढवळाढवळ झाली! साधनांची तुलना करण्याचा अधिकार खेड्यातल्या डॉक्टरांना दिला कुणी? जणू जबडा कल्याणच्या मुंबईकडच्या बाजूला मोडला तरच शास्त्राला मान्य. मुरबाडच्या कचेरीत चौकशी बसली. डॉक्टरांची नोकरी जायची वेळ आली. चौकशीच्या साहेबांनी कान्हूला विचारले, "तार कुणी कापली?"

"डाक्टरांनी. नसती कापली तर सरणावर माझा जबडा लय सरळ दिसला असता, सायेब."

नोकरी राहिली, पण डॉक्टरांना सक्त ताकीद मिळाली. प्राण वाचवल्याबद्दल ताकीद! डॉक्टर हसून म्हणाले, "कान्हू भाकरी चावतोय ना? मग झालं." त्यांचे झाले असेल, माझे झालेले नाही. आजही रोगी तोंडे आवळून घरी पाठवले जातात, आणि सोबत कातर देण्याचे कुणाला सुचत नाही.

डॉक्टरांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. ही ताकीद मागे घेण्याइतकी लाज सरकारला कधी वाटेल, सांगता येत नाही. ती वाटेल त्या दिवशी डॉक्टर धडधाकट समोर उभे असावेत, एवढेच मागणे.